म्हातारं मांजर पाणी जास्त पिऊ लागलं की

हाल झालेलं, उपाशी राहिलेलं मांजर कुणीतरी दत्तक घेतं. काही महिन्यांत ते अंगानं भरतं, केसांवर चमक येते. वर्षं सरतात. मांजर बारा-चौदा वर्षांचं होतं आणि पाण्याची वाटी लवकर रिकामी होऊ लागते. घरातले खूश होतात: भरपूर पाणी पितंय, म्हणजे किडन्या साफ राहतील! हा समज घातक आहे. मधुमेह किंवा थायरॉइडचा विकारही या जास्त तहानेमागे असू शकतो, पण या वयात पहिला संशय मूत्रपिंडांवरच घ्यावा.

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. शिकारीच्या मांसातून मिळेल त्या पाण्यावर भागवणारे. त्यामुळे मांजराचं मूत्रपिंड पाणी वाचवण्यात तरबेज असतं. माणसाची लघवी रक्ताच्या फार तर चौपट तीव्र होते, मांजराची सुमारे दहापट! हे कसं जमतं ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दोन लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात. रक्तातून गाळलेला द्रव आकड्यासारख्या वळलेल्या एका सूक्ष्म नळीत शिरतो. तिला हेन्लेचा पाश म्हणतात. पाशाच्या वर चढणाऱ्या भागातून क्षार बाहेर ढकलले जातात, पाणी मात्र तिथून बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे आजूबाजूची ऊती खारट होते. उतरणाऱ्या भागातून पाणी सहज बाहेर जातं, ते ही खारट ऊती ओढून घेते. म्हणजे वळणावर पोचणारा द्रव आधीच घट्ट झालेला असतो आणि चढणाऱ्या भागाला ढकलायला आणखी क्षार मिळतात. असं थरावर थर चढत मूत्रपिंडाचा गाभा अतिशय खारट होतो. शेवटी लघवी नेणाऱ्या नलिका याच गाभ्यातून जातात आणि उरलंसुरलं पाणी तिथे परत मिळवलं जातं.

नेफ्रॉन मरू लागले की उरलेल्यांवर बोजा पडतो. प्रत्येकातून द्रव जास्त आणि वेगानं वाहतो, क्षारांची ही रचना टिकत नाही, लघवी पातळ होते. गेलेलं पाणी भरून काढायला मांजर वाटीकडे धावतं. साधारण दोन-तृतीयांश कार्यक्षमता गेली की हे घडतं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं गाळून टाकायचं टाकाऊ द्रव्य, मात्र तीन-चतुर्थांश गेल्यावर ठळकपणे वाढतं. वाटी बऱ्याचदा रक्ततपासणीच्या आधी बोलते ती अशी.

उपासमारीतून आलेल्या मांजरात आणखी एक गुंता असतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. पाठीवरून हात फिरवताना मणका न् मणका लागत असेल, तर स्नायूच कमी आहेत आणि मूत्रपिंडं खराब असूनही आकडा 'नॉर्मल' दिसू शकतो. एसडीएमए ही मूत्रपिंडासाठीची दुसरी रक्तचाचणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, म्हणून अशा मांजरासाठी ती आवर्जून मागावी. सोबत लघवीची घनता आणि रक्तदाब. वाढलेल्या रक्तदाबानं डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळं होऊ शकतं.

'किडनी शुद्ध करणारी' चूर्णं आणि थेंब विकणाऱ्यांपासून लांब राहा. मेलेला नेफ्रॉन कशानंही परत येत नाही.

खरा उपयोग होतो तो कमी फॉस्फरसच्या आहाराचा. मूत्रपिंडाच्या आजारात त्यानं आयुष्य वाढतं, याला चांगला पुरावा आहे. ओलं अन्न द्यावं, पाणी कधीही काढून घेऊ नये. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका. मांजराचं यकृत ते निकामी करू शकत नाही, एक गोळीही जिवावर बेतते.

वाटीत मोजून पाणी घाला आणि २४ तासांनी उरलेलं मोजा. घरात मांजर एकच असेल तर हे सहज जमतं. कोरडं अन्न खाणारं मांजर थोडं जास्त पिणारच, पण वजनाच्या दर किलोमागे १०० मिलीच्या वर जात असेल तर पशुवैद्य गाठा. वजनही नियमित करा. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन घटलं तर फुगलेल्या केसांत ते डोळ्यांना दिसत नाही, पण तो त्याच्या शरीराचा दहावा हिस्सा असतो.