जेम्स डीनच्या 'शापित' पोर्शचं इंजिन गेलं कुठे?

गोष्ट अशी सांगतात: ३० सप्टेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियात चोलामेजवळ नट जेम्स डीनचा पोर्श ५५० स्पायडरमध्ये अपघाती मृत्यू झाला. मग गाड्यांना नवं रूप देणारे कारागीर जॉर्ज बॅरिस यांनी तो सांगाडा विकत घेतला, सुटे भाग दोन डॉक्टरांना विकले आणि ते भाग बसवलेल्या गाड्यांवरही शाप पसरत गेला.

मालकीचा क्रमच इथे उलटा झालाय. विम्याच्या भंगारातून गाडी आधी घेतली डॉ. विल्यम एश्रिक यांनी. ते स्वतः शर्यती खेळायचे. त्यांनी इंजिन काढून आपल्या लोटस या शर्यतीच्या गाडीत बसवलं. बॅरिसकडे आला तो नंतरचा मोडका सांगाडा, आणि त्यांनी तो रस्ता सुरक्षेच्या प्रदर्शनांतून फिरवला. शापाच्या बहुतेक कहाण्या त्यांच्याच तोंडच्या.

डॉ. ट्रॉय मॅकहेन्री १९५६ मध्ये पोमोनाच्या शर्यतीत झाडावर आदळून गेले, हे खरं. पण त्यांच्या गाडीत डीनचं इंजिन नव्हतं, एश्रिकनी दिलेले काही सुटे भाग होते. एका माणसाच्या मृत्यूला भुताची गोष्ट करून टाकणं मला मनापासून खटकतं.

जुन्या गाडीचा माग काढायचा तर धातूवर ठोकलेला क्रमांक बघावा. २०२१ मध्ये या गाडीचा ट्रान्सअ‍ॅक्सल, म्हणजे गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना फिरवणारी यंत्रणा एकत्र असलेला भाग, १००४६ या क्रमांकावरूनच ओळखला गेला आणि लिलावात ३,८२,००० डॉलरला विकला गेला. सांगाडा १९६० मध्ये वाहतुकीत गायब झाला, असं बॅरिस सांगत. तो अजून सापडलेला नाही.