एमसीबी कामगाराला का वाचवत नाही?

‘बोर्डात एमसीबी आहे, मग शॉकची भीती कशाला?’ हा बांधकामाच्या साइटवर सर्रास ऐकू येणारा प्रश्न जिवावर बेतणारा आहे. जास्त भाराने किंवा शॉर्टसर्किटने वायर जळू नये, एवढ्यासाठीच एमसीबी, म्हणजे आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच, असतो. प्लग नसलेल्या वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये काडी खोचून बसवलेली असतात आणि स्लॅबच्या ओल्या काँक्रीटमध्ये अनवाणी उभ्या कामगाराच्या हातात काँक्रीट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सोललेली केबल येते. भिजलेल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर प्रवाह जमिनीत जातो. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी हा भार पन्नासेक वॉटच्या दिव्याएवढाच असल्याने तो पडत नाही. हृदयाची लय बिघडायला मात्र एवढा प्रवाह सेकंदभर पुरतो. ‘करंट माणसाला ओढून धरतो’ असे म्हणतात. प्रत्यक्षात स्नायू आखडल्यामुळे त्याची मूठच सुटत नाही.

येथे आरसीसीबी, म्हणजे जमिनीत होणारी प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, हवा, आणि त्याची रचना मला विलक्षण देखणी वाटते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. गेला तेवढाच प्रवाह परत आला, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतात. काही प्रवाह माणसातून जमिनीत गेला, की परतीचा प्रवाह तेवढा कमी भरतो, कड्यात बदलते चुंबकीय क्षेत्र शिल्लक राहते, कड्यावर गुंडाळलेल्या वेगळ्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो आणि खटका सुटतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्रवाह तेवढ्यावर रोखून धरत नाही, हे नीट लक्षात घ्यावे. ०.२३ अँपिअरचा, म्हणजे २३० मिलिअँपिअरचा, पुरा झटका बसतोच. पण गळती १५० मिलिअँपिअरच्या वर असल्यास ०.०४ सेकंदात, म्हणजे ५० हर्ट्झच्या दोनच आवर्तनांत, पुरवठा तुटणे अपेक्षित असते. त्यावरचे टेस्ट बटण दाबले, की थोडा प्रवाह मुद्दाम कड्याला वळसा घालून जातो आणि खटका चालतो की नाही ते कळते. अपघातानंतर जागेला दोष देऊन तिची शांती करणाऱ्यांनी हे बटण रोज सकाळी दाबण्याची सवय लावून घ्यावी.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले, तर मात्र कड्याला फरक दिसत नाही. परांचीवरून उचललेली लांब सळई ११ हजार व्होल्टच्या लाइनजवळ गेली, तर साइटच्या बोर्डातले कोणतेच उपकरण कामाचे नाही. कारण तो प्रवाह त्या बोर्डातून जातच नाही. तेथे वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेणे किंवा काम पुरेशा अंतरावर ठेवणे, एवढेच उपाय आहेत.