स्वाध्याय-आखणी, महाविद्यालयीन
महाविद्यालयीन स्वाध्यायाचा (रूढ भाषेत असाइनमेंटचा) हेतू, कृती आणि गुणांकनाचे निकष अशा रीतीने ठरविणे, की त्यातील यश विद्यार्थ्याच्या अभ्यासावर अवलंबून राहावे, घरातून वा आधीच्या शाळेतून मिळालेल्या अलिखित संकेतांच्या ओळखीवर नव्हे. अशा संकेतांना ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात. ही संज्ञा सामान्यतः अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांच्या १९६८ मधील लेखनापासून धरली जाते, मात्र त्यांची निरीक्षणे प्राथमिक वर्गांची होती.

‘दिलेल्या लेखाची समीक्षा करा’ एवढ्यावर नवखा विद्यार्थी बहुधा सारांश लिहून मोकळा होतो. सरावलेला मात्र लेखकाचे प्रतिपादन तपासतो. ‘लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात सांगा, त्याच्या पुराव्यांपैकी सर्वांत दुबळा कोणता आणि का, ते दोन परिच्छेदांत दाखवा’ असे म्हटल्याने काम सोपे होत नाही, नेमके काय करायचे ते कळते. अशा सूचनांनी काम सोपे होते असा आक्षेप घेणारे पुष्कळदा सोपेपणा आणि स्पष्टता या दोहोंत गल्लत करतात.

मोठा स्वाध्याय टप्प्यांत देण्याच्या पद्धतीस ‘स्कॅफोल्डिंग’ म्हणतात. बांधकामाच्या परांचीवरून आलेल्या या संज्ञेचे श्रेय अनेक पाठ्यपुस्तके सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांना देतात. तथापि त्यांची संकल्पना ‘निकट विकासक्षेत्रा’ची (मुलाला एकट्याने न जमणारे, पण मदतीने जमणारे काम) असून, शिक्षणविषयक अर्थाने ही संज्ञा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर व गेल रॉस यांच्या १९७६ मधील लेखाने रुजविली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या लेखातील प्रयोगात तीन ते पाच वर्षांची मुले लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती आणि शिकविणारी व्यक्ती प्रत्येकाची त्या क्षणीची अडचण पाहून मदत कमी-अधिक करीत होती. त्यामुळे सर्वांना एकच छापील आराखडा वाटणे ही काटेकोर अर्थाने परांची नव्हे; कच्चा मसुदा वाचून, गुण न देता अभिप्राय कळविणे हे मूळ अर्थाच्या अधिक जवळ जाते. वायगॉट्स्कींशी नाते नंतरच्या अभ्यासकांनी जोडले, पण ते विसंगत नाही.

उद्दिष्ट, अध्यापन आणि मूल्यमापन यांची सांगड घालण्याचा विचार शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये मांडला. मेरी-ॲन विंकेल्मेस व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील सात संस्थांमधील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सत्रातील दोनच स्वाध्याय अधिक स्पष्ट केल्यावर विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास व आपलेपणाची भावना वाढल्याचे, आणि हा लाभ पहिल्या पिढीच्या (कुटुंबातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या) विद्यार्थ्यांत अधिक असल्याचे नमूद आहे. मात्र हे मापन मुख्यतः विद्यार्थ्यांच्या स्वकथनावर आधारलेले होते.

लवचीक मुदत, उत्तराच्या माध्यमाची निवड आणि गटकार्यातील वैयक्तिक गुणदान हेही या आखणीचे भाग मानले जातात.