कानाला न सोसणारा धातू खुब्यात बसवताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून हौसेने आणलेली खोटी कानातली दोन दिवस घातली की कानाच्या पाळ्या लाल होतात, खाजतात आणि चिघळतात, ही तक्रार गोव्यातल्या पुष्कळ घरांत ओळखीची आहे. येथील दमट हवेत घाम खूप येतो, आणि त्या घामातले मीठ मुलाम्याखालचे निकेल विरघळवून त्वचेत पोहोचवते. अशी एखादी बाई साठीनंतर खुब्याचा सांधा बदलण्यासाठी गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, किंवा खासगी इस्पितळात जाते, तेव्हा कानाला न सोसणारा धातू हाडात कसा सोसणार, हा तिचा प्रश्न रास्तच असतो.

सांध्यात कोणते धातू असतात, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. मांडीच्या हाडात ठोकून बसवलेला दांडा आज बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो, त्यावरचा गोळा कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा सिरॅमिकचा, आणि तो ज्या वाटीत फिरतो तिचे अस्तर सहसा पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकचे असते. कोबाल्ट-क्रोमियममध्ये निकेल साधारण 1 टक्क्याच्या आत असते. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या पोलादात मात्र ते 10 टक्क्यांहून अधिक असते.

खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे खाल्ले जातात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. शरीरातला द्रवही खाराच असतो, समुद्राच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका. तरीही हे मिश्रधातू त्यात टिकतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा आपोआप धरतो. चालताना होणाऱ्या घर्षणाने तो खरवडला जातो आणि पुन्हा धरतो, आणि प्रत्येक वेळी धातूचे थोडे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आसपासच्या द्रवात सुटतात.

हे आयन एकटे असताना प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरण्याइतके मोठे नसतात. ते शरीरातल्या प्रथिनांना चिकटले की त्या प्रथिनांचे रूप पालटते आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्यांना परके समजतात. कोळंबी खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजतात ती ॲलर्जी प्रतिपिंडांमुळे होते. धातूची ॲलर्जी या पेशींमुळे होते आणि एक-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, प्रकट होते.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरवणाऱ्या सांध्यांपैकी डेप्यू कंपनीचा एएसआर सांधा 2010 मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. तोवर तो सुमारे 93,000 रुग्णांत बसवला गेला होता आणि त्यांत भारतातलेही रुग्ण होते. अशा सांध्यांभोवती काही रुग्णांत ऊती मरत होत्या आणि द्रवाने भरलेल्या गाठी होत होत्या. त्या सगळ्यालाच ‘धातूची ॲलर्जी’ म्हटले गेले, पण माझ्या मते तो शब्द तेथे अपुरा पडतो. झिजेचा चुरा फार झाला तर ॲलर्जी नसलेल्या माणसाच्याही पेशी त्याने मरतात. उलट काही थोड्या रुग्णांत झीज नाममात्र असूनही ऊतीत लसिका पेशींची (टी-पेशी याच गटातल्या) गर्दी आढळते, आणि ॲलर्जी हा शब्द त्यांनाच अधिक शोभतो.

ॲलर्जी तपासायची झाल्यास त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निकेल, कोबाल्ट व क्रोमियमच्या क्षारांच्या पट्ट्या 48 तास चिकटवतात आणि नंतर एकाहून अधिक वेळा त्वचा पाहतात. चाचणी सोपी आहे, पण तिचा अर्थ लावणे अवघड आहे, कारण पाठीवर चट्टा उठलेल्या अनेकांचे सांधे वर्षानुवर्षे उत्तम चालतात. बिघडलेल्या सांध्यांच्या रुग्णांत धातूची संवेदनशीलता अधिक प्रमाणात आढळते हे खरे, परंतु तिच्यामुळे सांधा बिघडला की बिघडलेल्या सांध्यातून सुटलेल्या धातूमुळे ती जडली, हा बीजांकुरन्याय अजून सुटलेला नाही.

म्हणूनच सरसकट सगळ्यांची चाचणी केली जात नाही. दागिन्याने, घड्याळाच्या पट्ट्याने किंवा जीन्सच्या बटणाने पूर्वी चट्टे उठले असतील, तर ते शल्यविशारदांना आधीच सांगावे. टायटॅनियमचा दांडा, सिरॅमिकचा गोळा आणि पॉलिइथिलीनचे अस्तर अशी जुळणी करून कोबाल्ट व निकेल बव्हंशी टाळता येते. शस्त्रक्रियेनंतर खुबा दुखू लागलाच, तर आधी जंतुसंसर्ग आणि सांधा सैल होणे या कितीतरी अधिक नेहमीच्या कारणांचा शोध घेतला जातो. त्यानंतर गरजेप्रमाणे रक्तातले कोबाल्ट मोजतात. धातूवर धातू असलेल्या सांध्यांसाठी ब्रिटनच्या नियामक संस्थेने लिटरमागे 7 मायक्रोग्रॅम ही सावधतेची पातळी ठरवली होती. अशा वेळी डॉक्टर पहिल्यांदा विचारतात ते सांध्याचे नाव आणि क्रमांक. ते छापलेले स्टिकर इस्पितळाच्या कागदांत सहसा चिकटवलेले असतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना बुरशी धरते, तेव्हा त्यांचा एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवणे बरे.