चालू फॉर्मवरच्या कंट्रोलची विचारपूस

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होऊन पोत्यांचे वजन झाले की अडत दुकानात शेतकऱ्याची पट्टी तयार होते. वजन, दर, हमाली, तोलाई अशा रकान्यांचा फॉर्म संगणकाच्या पडद्यावर उघडलेला असतो. अशा फॉर्मवरचे ‘जतन करा’ हे बटण एकाएकी करडे पडले आणि क्लिकला दाद देईनासे झाले, तर प्रोग्रॅमर आधी कोड उघडतो आणि त्यात त्या बटणाची ‘एनेबल्ड’ (चालू आहे का) ही प्रॉपर्टी, म्हणजे गुणधर्म, ‘ट्रू’ (हो) अशीच लिहिलेली त्याला दिसते. इथे कोडातली ती ओळही खोटी नसते आणि पडदाही. प्रोग्रॅम चालू असताना मेमरीत जिवंत असलेल्या त्या बटणालाच त्याची सध्याची स्थिती विचारावी लागते.

बटण, मजकुराची चौकट, यादी या सर्वांना कंट्रोल म्हणतात आणि त्यांचा रंग, आकार, मजकूर, दृश्यता या त्यांच्या प्रॉपर्टी. १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या साधनाने फॉर्मवर कंट्रोल ओढून शेजारच्या खिडकीत त्याच्या प्रॉपर्टी भरण्याची पद्धत घरोघरी पोहोचवली. १९९५ च्या डेल्फी या तशाच साधनात त्याच कामासाठी ‘ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर’ होता. मात्र त्या खिडकीत आपण भरतो ते केवळ आरंभीचे मूल्य असते.

‘एनेबल्ड’ ही प्रॉपर्टी वरकरणी हो किंवा नाही इतकीच साधी वाटते, पण मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेतल्या, असे फॉर्म बनवणाऱ्या ‘विंडोज फॉर्म्स’मध्ये ती वाचली की मिळणारे उत्तर दोन गोष्टींवरून ठरते: कंट्रोलची स्वतःची नोंद काय आहे आणि ते ज्याच्या पोटात बसले आहे तो पॅरेंट चालू आहे की नाही. मीटरजवळचा मेन स्विच बंद असेल तर खोलीतले बटण दाबलेले असूनही दिवा लागत नाही, तसेच हे आहे. म्हणून बटणापासून सुरुवात करून ‘पॅरेंट’ या प्रॉपर्टीच्या आधारे एकेक पायरी वर चढावे आणि प्रत्येक पायरीवर नाव व ‘एनेबल्ड’चे मूल्य छापावे. समजा बटण ‘फॉल्स’ (नाही), त्याभोवतीची ग्रुपबॉक्स ही चौकट ‘फॉल्स’, तिच्या बाहेरचे पॅनेल ‘फॉल्स’ आणि फॉर्म मात्र ‘ट्रू’ असे उत्तर आले. सर्वांत वरचा ‘फॉल्स’ पॅनेलचा आहे, म्हणजे पॅनेल निश्चितपणे स्वतःच बंद केलेले आहे. वजनाचा रकाना रिकामा असताना कोणीतरी ते बंद केले आणि पुन्हा चालू करण्याची ओळ राहून गेली, अशा दिशेने शोध घेता येतो. खालच्यांपैकी आणखी कोणी स्वतंत्रपणे बंद आहे का, हे मात्र पॅनेल चालू करून पुन्हा वाचल्यावरच कळते.

कंट्रोल दिसते का हे सांगणाऱ्या ‘व्हिजिबल’चेही असेच आहे आणि माझ्या मते ती अधिक फसवी आहे. न उघडलेल्या टॅबवरचे कंट्रोल स्वतः लपवलेले नसले तरी ‘फॉल्स’ असेच उत्तर देते. ते उत्तर फाइलीत साठवून पुढच्या वेळी तसेच परत भरले, तर टॅब उघडल्यावरही तो रकाना दिसत नाही.

हे सारे विचारता येते, कारण डॉटनेटमध्ये संकलित (कंपाइल) झालेल्या प्रोग्रॅमसोबत प्रत्येक वर्गाचे (क्लासचे) वर्णनही साठवलेले असते आणि चालू प्रोग्रॅमला ते वाचता येते. याला रिफ्लेक्शन म्हणतात. कंट्रोलवर ‘गेटटाइप’ आणि त्यावर ‘गेटप्रॉपर्टीज’ बोलावले की नावांची यादी मिळते, ‘गेटव्हॅल्यू’ने मूल्ये. याहून सोपा मार्ग म्हणजे ‘प्रॉपर्टीग्रिड’ हे तयार कंट्रोल: त्याच्या ‘सिलेक्टेडऑब्जेक्ट’मध्ये बटण दिले की त्याच्या प्रॉपर्टी समोर मांडल्या जातात. फाँट किंवा पार्श्वरंग कंट्रोलने स्वतः ठरवला नसेल तर तो पॅरेंटकडून येतो. स्वतः ठरवलेले मूल्य ग्रिडमध्ये ठळक अक्षरांत दिसते, त्यामुळे ‘हा फाँट आला कुठून’ या प्रश्नाचा निकाल तिथेच लागतो.

प्रॉपर्टी वाचणे म्हणजे नुसते पाहणे, असे समजून चालत नाही. वाचताना मागे कोड चालतो. ‘हँडल’, म्हणजे कंट्रोलच्या खिडकीला विंडोजने दिलेली ओळखखूण, हे याचे उत्तम उदाहरण आहे: कंट्रोलची विंडोजमधील ही खिडकी अजून तयार झालेली नसेल, तर ‘हँडल’ वाचताच ती तयार केली जाते. म्हणजे सर्व प्रॉपर्टी एका फेऱ्यात वाचणारा निरुपद्रवी दिसणारा कोडही फॉर्मची अवस्था बदलून टाकतो आणि आपण शोधत असलेला दोष त्यात लपून जाऊ शकतो. त्यासाठी आधी ‘इजहँडलक्रिएटेड’ तपासावे, हव्या त्याच प्रॉपर्टी नावाने मागाव्यात, आणि तपासणीचा कोड दुसऱ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) असेल तर ‘इन्व्होक’मार्फत फॉर्मच्या थ्रेडवर येऊनच वाचन करावे. ‘प्रॉपर्टीग्रिड’मध्ये मूल्ये बदलताही येतात, आणि तो बदल चालू फॉर्मवर लगेच लागू होतो, म्हणून दुकानात पट्ट्या निघत असताना हे साधन वापरायचे झाल्यास ग्रिडऐवजी मूल्ये फक्त छापून दाखवणारी यादी द्यावी.