थाळीवरची बनात

पळसावर लाख धरते, हे झाडीपट्टीतल्या पोरांनाही ठाऊक असतं. ग्रामोफोनच्या जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या याच लाखेच्या असत, हे मात्र आता फार कुणाला आठवत नाही. लाखेत दगडाची बारीक पूड कालवत, म्हणजे पोलादी सुई झिजून खोबणीच्या मापाची व्हावी. तिच्यावर भार शंभर ग्रॅमच्या वर. एवढ्या ओझ्याखाली तबकडी घसरू नये, तिला ओरखडेही पडू नयेत म्हणून ती जिच्यावर फिरते त्या थाळीवर हिरवी बनात (जाड लोकरी कापड) नाहीतर फेल्ट, म्हणजे नमदा, डकवलेलं असे. थाळी आणि तबकडी यांच्यामध्ये घालतात त्या मॅटचं मूळ हे. आवाज सुधारावा हा विचार तेव्हा नव्हताच.

1948 साली अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने 33⅓ फेऱ्यांची, व्हायनिल या प्लास्टिकची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली. खोबणी बारीक झाली, आणि पुढे सुईवरचा भार उतरत उतरत दीड-दोन ग्रॅमवर आला. इतकी हलकी सुई गाण्यासोबत मोटरची थरथर आणि बेअरिंगची घरघरही टिपते. त्यात थाळी धातूची, टिचकी मारली की जेवणाच्या ताटासारखी वाजणारी. तो नाद दाबायला जाड रबरी मॅट आली. टेक्निक्स कंपनीच्या 1972च्या एसएल-1200 या यंत्रावरही रबरच होतं. गंमत अशी की न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या डीजेंनी त्याच दशकात थाळीवर पुन्हा फेल्ट घातलं, तेही तबकडी हाताने सहज सरकावी म्हणून!

काचेच्या थाळीवर फेल्ट घालायची चाल ब्रिटनमधल्या रेगा या तबकडी-यंत्रांच्या कंपनीने रुजवली. तिकडे ती शोभते. आपल्याकडे, कापसाच्या मुलखात, वेचणीच्या दिवसांत घरभर तंतू उडतात. कोरड्या हवेत व्हायनिलला स्थिर वीज धरते, तबकडी उचलली की फेल्ट तिला चिकटूनच वर येतं, आणि सगळा भुसकट खोबणीत. माझ्या मते वऱ्हाडात फेल्टच्या नादी लागूच नये. रबर बरं, पण इथल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यांत जुनं रबर कडक होतं, चिरतं. कॉर्कला हे दोन्ही त्रास कमी. कॉर्क आणि रबराचा भुगा एकत्र दाबलेली मॅट मिळाली तर उत्तमच.

घेण्याआधी जुन्या मॅटची जाडी मात्र मोजा. नवी दोन मिलिमीटर जाड निघाली की तबकडी तेवढी वर येते, सुईचा कोन बदलतो, आणि सुई धरणाऱ्या आर्मचा बुडखा उचलून घ्यावा लागतो. पुष्कळ स्वस्त यंत्रांत ती सोयच नसते. तिथे मूळ जाडीचीच मॅट घ्यावी. नाहीतर मॅटने आवाज बदलला म्हणून जे ऐकू येतं, ते खरं तर कोन बिघडल्याचं असतं.

लग्नात भोंगा लावणाऱ्या आमच्या गावच्या काकांनी फाटलेल्या मॅटच्या जागी ट्रकची ट्यूब गोल कापून घातली होती. जाडी बरोबर जुळली होती.