अतिदक्षता विभागातील कचरा आणि वीज : पार्श्वभूमी

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील कोणत्याही अतिदक्षता विभागात सकाळी पाळी बदलताना खाटेजवळची लाल पिशवी पाहावी. सलाइनच्या नळ्या, सक्शनचे कॅथेटर (श्वासमार्गातील स्राव ओढून काढायच्या नळ्या), सुई काढलेल्या सिरिंज आणि हातमोजे यांनी ती गच्च भरलेली असते. हा ढीग बेफिकिरीतून साचलेला नाही. त्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणाचा तरी जीव वाचावा म्हणूनच वापरात आली.

१९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा डॉ. बियॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीनुसार रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी बसवून, रबरी फुगा हाताने दाबत श्वास दिला जात असे, आणि सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हे काम केले. त्यातूनच पुढील वर्षी पहिला अतिदक्षता विभाग उभा राहिला. फुगा, नळी आणि माणसाचा हात एवढ्यावरच तेव्हा भागत होते.

आपल्याकडेही काचेच्या सिरिंज उकळून आणि रबरी हातमोजे धुऊन, पावडर लावून पुन्हा वापरण्याची रीत बराच काळ होती. १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीचे भारतातील पहिले रुग्ण आढळले आणि एकदाच वापरून टाकायच्या साहित्याकडे रुग्णालये झपाट्याने वळली. ते योग्यच होते. मात्र पुढे गरज नसलेल्या ठिकाणीही हातमोजे चढू लागले, आणि ही सवय मोडणे मला सर्वांत कठीण वाटते.

१९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०१६ च्या नियमांनी वर्गीकरणाला शिस्त लावली; कचरा मुळात कमी कसा निर्माण होईल, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. २०२० मध्ये बाळकुमचे ग्लोबल हब आणि वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र कोविड रुग्णांसाठी उघडावे लागले, तेव्हा पीपीई किटच्या पिवळ्या पिशव्यांनी या कचऱ्याचा भार दाखवून दिला.

विजेचा हिशेब याहून मोठा आहे. जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरलेल्या, रुग्णांवरील २०१८ च्या एका अभ्यासात कार्बन उत्सर्जन प्रतिरुग्ण, प्रतिदिन अमेरिकेतील विभागात १७८ किलो, तर ऑस्ट्रेलियातील विभागात ८८ किलो भरले, आणि त्याचा बहुतांश वाटा इमारतीच्या तापमान व हवा नियंत्रणासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा होता. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत वातानुकूलन बारा महिने चालते आणि महाराष्ट्राची वीज अजून मुख्यतः कोळशावर तयार होते, हे लक्षात घेतले की हा मुद्दा परका राहत नाही.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये अतिदक्षता विभागाचा पर्यावरणावरील भार कमी करण्यावर प्राथमिक मार्गदर्शिका काढली. अशा प्रयत्नांचा गाभा उपचारात कपात करण्याचा नसून अनावश्यक ते थांबवण्याचा आहे. सकाळच्या राउंडला सिस्टरने "डॉक्टर, हा लघवीचा कॅथेटर आज काढायचा का?" असे विचारले आणि तो निघाला, तर रुग्णाचा संसर्गाचा धोका घटतो आणि त्यापुढची पिशवी, नळी व हातमोज्यांची जोडीही वाचते.